अंगण खरंच वाकडं आहे

प्रयोगाला दीड तास उरला होता. पडदा उघडा होता, दिवे अजून लावायचे होते, आणि रंगमंचावर पाच नर्तक गुडघ्यांवर बसून दोन्ही तळव्यांनी जमीन चाचपत पुढे सरकत होते. शेतात बायका ओळीनं खुरपत जातात ना, तसे. मला आधी वाटलं, हा नाचातलाच भाग असेल. मग त्यातल्या एकीनं काहीतरी उचलून डबीत टाकलं आणि टक् असा आवाज आला. खिळे वेचत होते ते. दुपारच्या सत्रात त्याच रंगमंचावर नाटक झालं होतं. नेपथ्य उभं करताना फ्लॅटना, म्हणजे रंगवलेल्या उभ्या चौकटींना, मागून आधार ठोकतात, आणि पुढच्या सत्राच्या घाईत सेट उतरवताना काही खिळे जमिनीतच राहतात, काही अर्धे मोडून. नाटकातली माणसं पायांत चपला-बूट घालून वावरतात, त्यांना त्याचा त्रास नाही. या मुलांना मात्र त्याच जमिनीवर अनवाणी धावायचं होतं, लोळायचं होतं, पाठीवरून घसरत जायचं होतं. त्या संध्याकाळी डबीत एकवीस खिळे जमले. बाविसावा खिळा प्रयोग चालू असताना एका मुलाच्या खांद्यात घुसला. त्यानं नाच पूर्ण केला आणि विंगेत येऊन शर्ट काढला, तेव्हा बाकीच्यांना कळलं.

'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण आपण सगळे सहज वापरतो. तिच्यात दोष नाचणारीचा आहे, अंगणाची सबब खोटी आहे, हे आपण गृहीत धरलेलं असतं. पुण्यातल्या छोट्या समकालीन नृत्यमंडळींना, म्हणजे शास्त्रीय किंवा लोकनृत्यात न बसणारा, आज नव्यानं रचलेला नाच करणाऱ्या गटांना, मी गेली चार वर्षं जवळून पाहते आहे. त्यांना नाचता येतं. अंगण मात्र खरंच वाकडं आहे, आणि ते सरळ करणं ही या शहराची जबाबदारी आहे, असं माझं म्हणणं आहे.

मी स्वतः नाचत नाही. माझे वडील नाचतात. हे वाक्य मी वयाच्या बावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा उच्चारलं.

बाबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार, होऊन सात वर्षं झाली. मेंदूच्या खोल भागातल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात. या आजारात त्या पेशी मरत जातात, आणि शरीर ज्या गोष्टी न सांगता करत असतं त्या अडायला लागतात. हात थरथरतो ते लोकांना दिसतं. जे दिसत नाही ते जास्त छळतं. बाबा स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी यायचे आणि थिजायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. पुढे जायचंय हे कळतंय, इच्छा आहे, ताकद आहे, पण पाऊल उचललं जात नाही. मागून आई म्हणायची, 'अहो, चला ना'. त्यानं ते आणखीनच घट्ट व्हायचे. गंमत म्हणजे हेच बाबा जिना न अडखळता चढायचे. न्यूरॉलॉजिस्टनी सांगितलं, कंपवातात असं होतं. सपाट जमिनीवर अडणारा माणूस पायऱ्या चढतो, जमिनीवर आखलेली रेघ ओलांडतो, कारण तिथे पावलाला बाहेरून एक खूण मिळते.

त्याच सुमारास आमच्या कर्वेनगरात एका नृत्यमंडळीनं शनिवारी सकाळी कंपवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केला. पुण्यात हे अगदीच नवं नव्हतं. हृषीकेश पवार या समकालीन नर्तकानं कंपवात असलेल्यांबरोबर नृत्याचं काम इथे बरीच वर्षं केलं आहे. आमच्या भागातली मंडळी त्या मानानं अगदी लहान, सहा जणांची. जागा म्हणजे देवळामागचा एक हॉल, खाली शहाबादी फरशी, अकरा प्लास्टिकच्या खुर्च्या. शिकवणारी मुलगी सत्तावीस वर्षांची. ती एकदाही 'हात वर करा' असं म्हणाली नाही. म्हणाली, "काका, माळ्यावरचं पातेलं काढायचंय. पण आवाज नको, घरात बाळ झोपलंय." आणि बाबांचा हात वर गेला. खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत, सावकाश, मध्ये न अडकता. तो हात तसा जाताना मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. मग ओलं धोतर झटकून दोरीवर टाकायचं होतं. मग बाजारात गर्दीतून कोणालाही धक्का न लावता पिशवी न्यायची होती. अकरा म्हातारी माणसं खुर्च्यांवर बसून धोतरं झटकत होती आणि हसत होती.

वर्ग संपल्यावर मी तिला उंबरठ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "ताई, त्यांना 'चला' म्हणू नका. ओलांडायला काहीतरी द्या." आम्ही उंबरठ्याच्या अलीकडे पिवळ्या चिकटपट्टीची एक रेघ मारली. ती अजून आहे, दर दोन महिन्यांनी नवी लावावी लागते.

बाबांचा आजार बरा झालेला नाही, होणारही नाही. गोळ्यांच्या वेळा चुकवून चालत नाही, आणि वाईट दिवस वाईटच असतात. पण आठवड्यातला एक तास ते रुग्ण नसतात, आणि त्या तासाचा परिणाम मंगळवारपर्यंत टिकतो. माझ्यासाठी हे खूप आहे.

आता कोणालाही वाटेल की मी पुढे म्हणणार, बघा, नृत्याचा किती उपयोग आहे, म्हणून या मंडळींना मदत करा. मी नेमकं त्याच्या उलट सांगायला बसले आहे.

त्या मुलीला 'ओलांडायला काहीतरी द्या' हे कुठून कळलं? मी तिला विचारलं नाही, पण काही महिन्यांनी त्यांच्या तालमीला जाऊन बसले तेव्हा मला उत्तर दिसलं. दोन तासांच्या तालमीत त्यांनी एकच गोष्ट केली. हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत चालत जायचं. टाचेवरचा भार चवड्यावर जाताना मधल्या क्षणी थांबलं तर काय होतं, पाय उचलण्याआधी कंबर काय करते, नजर आधी पोचते की छाती. पुन्हा भिंतीपाशी, पुन्हा सुरुवात. कोणी संगीत लावलं नाही. कोणी एकही मुद्रा केली नाही. बाहेरून पाहणाऱ्याला हा वेळेचा अपव्यय वाटला असता. ही तालीम रुग्णांसाठी नव्हती. ती त्यांच्या स्वतःच्या प्रयोगासाठी होती, ज्याचे आजवर चार खेळ झाले आणि ज्याला मोजून तीनएकशे माणसं आली. पण पावलाविषयीचं जे ज्ञान शनिवारी बाबांच्या कामी आलं, ते इथे, या कोणाच्याही उपयोगी न पडणाऱ्या दोन तासांत तयार होत होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आपल्याकडे सगळ्यांना पोहरा हवा आहे. आड खणायला पैसे द्यायची तयारी कोणाची नाही.

या मंडळीबरोबर मी एकदा एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयात गेले होते. समोरचे गृहस्थ भले होते. वर्गाचे फोटो पाहून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, पेशंटचं काम आम्ही नक्की बघू. प्रयोगाचा खर्च मात्र नका घालू त्यात, आणि तालमीच्या जागेचं भाडंही नको. त्यांना मी दोष देत नाही. कायद्याची भाषाच त्यांना तसं शिकवते. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजासाठी खर्च करायची असते. ती कशावर करायची याची यादी सातव्या अनुसूचीत आहे. त्यात आरोग्य आहे, शिक्षण आहे, राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचं जतन आहे, पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास आहे. आज नव्यानं घडत असलेल्या कलेला या यादीत कुठे बसवायचं हे कोणालाही सहज सांगता येणार नाही. मग ती आरोग्याच्या खणात बसते, औषध म्हणून.

हे फक्त कंपन्यांपुरतं नाही. जीएसटीमध्ये कलावंताच्या मानधनाला दीड लाख रुपयांपर्यंत माफी आहे, पण ती संगीत, नृत्य, नाट्य यांच्या लोककला किंवा शास्त्रीय प्रकारांसाठी. आपल्या राज्यात दहावीच्या मुलांना कलेसाठी वाढीव गुण मिळतात, पण नाचाच्या बाबतीत तेही शास्त्रीय कला आणि लोककला यांच्यासाठी. छोट्या मंडळीची उलाढाल जीएसटीच्या मर्यादेपर्यंत जातच नाही, तेव्हा त्या माफीनं रुपयांत फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ओळखीत. सरकारदरबारी नाचाला दोनच फडताळं आहेत. जे जुनं आहे आणि ग्रंथात आहे ते एकात, जे जुनं आहे आणि गावात आहे ते दुसऱ्यात. जे आज पहाटे कोणाला तरी सुचलं, त्याला फडताळ नाही.

पुण्यानं तरी असं वागू नये, कारण आज आपण ज्याला परंपरा म्हणतो तीही इथे कोणीतरी धाडस करून रुजवलेली आहे. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात कथक शिकवणारी 'नृत्यभारती' सुरू केली, तेव्हा मध्यमवर्गीय घरातल्या मुलीनं घुंगरू बांधणं ही साधी गोष्ट नव्हती. सुचेता भिडे-चापेकर यांनी भरतनाट्यम हिंदुस्थानी संगीतावर बांधलं, तेव्हा ते नवंच होतं. आज कोथरूडपासून हडपसरपर्यंत गल्लोगल्ली कथक आणि भरतनाट्यमचे क्लास आहेत, विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात त्यांचं रीतसर शिक्षण मिळतं, हजारो मुली प्रवेशिका ते विशारद या परीक्षा देतात. हे सगळं मला मोलाचं वाटतं. समकालीन नर्तकांपैकी बरेच जण याच क्लासांतून आले आहेत, आणि त्यांच्या पायांत ती बैठक दिसते. मुद्दा एवढाच की कोणे एके काळी या शहरानं नव्याला उभं राहायला जागा दिली होती.

"पण ते आपल्याला कळत नाही हो," हे वाक्य मी तिकिटं विकताना सर्वांत जास्त ऐकते. टीव्हीवरच्या स्पर्धांनी 'कंटेम्पररी' या शब्दाचा अर्थ करून ठेवला आहे, पावसाचं गाणं, उचलून गरागरा फिरवणं आणि शेवटी परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी. त्या अपेक्षेनं आलेला माणूस चाळीस मिनिटं नुसतं चालणं पाहून गोंधळतो, ते मला समजतं. पण पुणेकरांना शरीराची भाषा कळत नाही, हे मला मान्य नाही. आषाढी वारीच्या पालख्या मुक्कामाला येतात, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला आणि माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबाला, तेव्हा रस्त्यावर उभं राहून आपण काय बघत असतो? पावली बघतो, फुगडी बघतो. सत्तरीची बाई गुडघ्यांची तक्रार विसरून दुसऱ्या सत्तरीच्या बाईच्या हाताला हात गुंफून गिरकी घेते, आणि बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. तिथे कोणी 'याचा अर्थ काय' असं विचारत नाही. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठच्या रस्त्यानं संध्याकाळी जाऊन बघा. दिवसभर कीबोर्ड बडवून आलेली मुलं-मुली कमरेला जड ढोल बांधून, पन्नास जणांचा हात एका क्षणी खाली येईपर्यंत घोटत असतात. शाळेत आपण सगळ्यांनी लेझीम केलं आहे. ज्या शहराच्या अंगात एवढं आहे, त्याला अंधारात पाच माणसं एका लयीत श्वास घेताना कळणार नाहीत? सवय नाही, एवढंच. आणि सवय होण्यासाठी ते वारंवार, घराजवळ, परवडेल अशा तिकिटात दिसावं लागतं.

ते तसं दिसत नाही, कारण ही मंडळी मुळात वर्षातून फार थोडे दिवस एकत्र नाचू शकतात. सकाळी सोसायट्यांमध्ये झुंबा, संध्याकाळी मुलांचे क्लास, लग्नसराईत संगीत बसवून देणं, आणि डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या गॅदरिंगचा हंगाम. त्या दोन महिन्यांत तालीम बंदच असते. आमच्या मंडळीच्या शेवटच्या प्रयोगाला ऐंशी तिकिटं गेली, तीनशे रुपयांनी. चोवीस हजार आले. भाडं, दिवे, ध्वनी, टेंपो आणि चहा-वडे यांत ते संपले. नर्तकांना काही मिळालं नाही. दोन तिकिटांची किंमत वाढवून हा प्रश्न सुटत नाही. नुसत्या तिकिटांवर तो जगात कुठेही सुटलेला नाही.

जिथे सुटला आहे तिथे काय केलं गेलं? मला दोन उदाहरणं सांगायची आहेत, कारण दोन्हींचा संबंध माझ्या बाबांशी आहे.

कंपवात आणि नृत्य ही सांगड आज अनेक देशांत आहे. तिची सुरुवात २००१ साली न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनला झाली, मार्क मॉरिस डान्स ग्रुप या नृत्यमंडळीत. त्याच वर्षी या मंडळीची स्वतःची इमारत तिथे उभी राहिली होती, हे आपण विसरून जातो. शेजारच्या भागातल्या कंपवाताच्या रुग्णांच्या गटानं येऊन विचारलं, आमच्यासाठी वर्ग घ्याल का? विचारता आलं, कारण विचारायला एक दार होतं आणि दाराच्या आत नाचायची जमीन होती. आधी जमीन, मग वर्ग.

दुसरं, जर्मनीतलं वुपर्टाल. साडेतीन लाख वस्तीचं औद्योगिक शहर, आपल्या एखाद्या उपनगरात मावेल एवढं. तिथल्या नगर रंगभूमीनं १९७३ साली पिना बाउश या नृत्यदिग्दर्शिकेला नेमलं. सुरुवातीला तिथलेही प्रेक्षक उठून जात. शहरानं तरी तिचा हात सोडला नाही. २००० साली तिनं १९७८ सालची आपली एक रचना पासष्ट वर्षांवरच्या सामान्य रहिवाशांना घेऊन पुन्हा उभी केली. ती माणसं नर्तक नव्हती. ती सावकाश तयार झाली आणि मग खरोखरच्या रंगमंचावर, खरोखरच्या प्रेक्षकांसमोर नाचली. पण त्याआधी सत्तावीस वर्षं त्या मंडळीच्या पायाखाली शहरानं दिलेली जमीन होती.

आपल्याकडे नाट्यगृहं आहेत, आणि मला त्यांचा अभिमान आहे. बालगंधर्व रंगमंदिर १९६८ साली उभं राहिलं, त्याच्या आवारात मी लहानाची मोठी झाले. पण आपली मोठी सभागृहं नाटकाच्या गरजेतून बांधली गेली. सत्रं तीन, तारखा आधी नाटकांना, आणि प्रेक्षागार एवढं मोठं की ऐंशी माणसं त्यात हरवून जातात. शनिवार पेठेतल्या सुदर्शन रंगमंचासारख्या, एरंडवण्यातल्या 'द बॉक्स'सारख्या छोट्या जागांनी प्रयोगाची अडचण थोडी दूर केली आहे, त्याबद्दल त्या चालवणाऱ्यांचे आभार मानायला हवेत. तालमीची अडचण तशीच आहे. छोट्या मंडळीला वर्षात चार संध्याकाळी रंगमंच लागतो, आणि तीनशे दिवस जमीन.

जमीन म्हणजे काय, हे थोडं सविस्तर सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. काँक्रीटवर बसवलेली फरशी जराही दबत नाही. उडी मारून उतरलं की सगळा मार घोटा, नडगी, गुडघा आणि कमरेला बसतो. वर्षभरात नडग्या दुखायला लागतात, तिशीत गुडघे बोलू लागतात. शास्त्रीय नृत्यातल्या मुलींनाही हा त्रास होतो, तत्काराचे, म्हणजे कथकमधल्या पदन्यासाचे, हजारो आघात त्याच फरशीवर पडतात. नाचासाठीची जमीन वेगळी बांधावी लागते. खाली रबराच्या चकत्या, त्यांवर लाकडी पट्ट्यांची चौकट, वर प्लायचे दोन थर, आणि सगळ्यांत वर व्हिनाइलचा जाड पट्टा. पाऊल पडलं की ती किंचित दबते आणि परत वर येते. चाळीस बाय तीस फूट पुरे, मध्ये खांब नको. यात परदेशातून आणावं असं फारसं काही नाही. चांगला सुतार आठवड्यात करून देतो.

माझी मागणी ही आहे. पुणे महापालिकेची १५ क्षेत्रीय कार्यालयं आहेत. प्रत्येकाच्या हद्दीत अशी एक जमीन असावी. नवी इमारत नको, कोनशिला नको. महापालिकेच्या शाळांचे हॉल संध्याकाळी सहानंतर कुलपात असतात, समाजमंदिरं आठवड्यातले चार दिवस रिकामी असतात. २०१७ साली ११ आणि २०२१ साली २३ गावं शहरात आली. तिथे नाट्यगृह बांधून व्हायला किती वर्षं लागतील ते लागोत, शाळेच्या हॉलमध्ये लाकडी जमीन या वर्षी होऊ शकते. ती एका नृत्यमंडळीला तीन वर्षांच्या करारानं संध्याकाळी द्यावी, भाडं नाममात्र. बदल्यात त्या मंडळीनं त्या वस्तीसाठी आठवड्याचे काही तास द्यावेत आणि महिन्यातून एक तालीम सगळ्यांना बसून बघता येईल अशी करावी. सकाळी त्याच जमिनीवर ज्येष्ठांची योगासनं होतील, दुपारी शाळेचं लेझीम होईल.

यावर एक रास्त आक्षेप आहे: पाणी नाही, रस्त्यात खड्डे आहेत, आणि तुम्हाला नाचायला लाकडी जमीन हवी? पाण्याच्या रांगेत मीही उभी राहते, तेव्हा हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही. पण महापालिकेचं अंदाजपत्रक १० हजार कोटींच्या पुढे गेलं आहे. पंधरा हॉलमध्ये लाकूड बसवल्यानं कोणाचा नळ कोरडा पडत नाही. आणि हेच शहर चौकाचौकांत कमानी, कारंजी आणि शिल्पं बसवतं तेव्हा हा आक्षेप कोणी घेत नाही.

मला जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते, आणि ती नृत्यमंडळींना उद्देशून आहे. 'समाजात जाऊन काम' या नावाखाली पुण्यात बरंच काही चालतं, जे मला पटत नाही. वस्तीत तीन दिवसांची कार्यशाळा घ्यायची, मुलांना रंगीत ओढण्या देऊन गोल फिरवायचं, फोटो काढायचे, अहवाल करायचा आणि परत फिरकायचं नाही. चौथ्या दिवशी ती मुलं दादा-ताईंची वाट बघत हॉलबाहेर उभी असतात. हे न केलेलं बरं. समकालीन नर्तक अस्ताद देबू यांनी कर्णबधिर कलावंतांबरोबर काम केलं ते वर्षानुवर्षं, आणि त्यांना आपल्या बरोबरीनं मोठ्या रंगमंचावर उभं करून. माझ्या दृष्टीनं ते माप आहे. शहराची जमीन ज्यांना मिळेल त्यांनी वर्षभर यायचं, गळती झाली तरी यायचं. ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांची नावं कार्यक्रमपत्रिकेत नर्तकांच्याच आकारात छापायची. आणि त्यांच्या शरीरातलं काही उचलायचं असेल तर आधी विचारायचं.

आमच्या मंडळीतली ती मुलगी एका संध्याकाळी घरी आली. बराच वेळ आईशी लोणच्याविषयी बोलली. मग बाबांसमोर खाली बसून म्हणाली, "काका, तुम्ही उंबरठ्याशी थांबता ना, ते मला नाचात घ्यायचंय. चालेल?" बाबांना बोलायला वेळ लागतो, आवाजही बारीक झाला आहे. आम्ही थांबलो. ते म्हणाले, "घे. पण मी पुढे जातो, तेही घे."

तिनं घेतलं. प्रयोगाच्या मधोमध ती एका रेघेपाशी येऊन थांबते. किती वेळ, ते मी मोजलेलं नाही. तिच्या अंगात थरथर नाही, तिनं आजाराची नक्कल केलेली नाही. फक्त पुढे जाण्याची इच्छा सगळ्या अंगात भरलेली दिसते आणि पाऊल उचललं जात नाही. मग पलीकडून एक नर्तक काहीही न करता नुसता तिच्याकडे बघतो, आणि ती ओलांडते. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कळलं की उंबरठ्याशी मी बाबांच्या मागे उभी राहत होते. समोर जाऊन उभं राहायला हवं होतं. कंपवातावरची तीन पुस्तकं वाचून मला हे कळलं नव्हतं. हा प्रयोग 'आरोग्या'च्या खणात बसत नाही, म्हणून त्याच्या खर्चाला कोणी हात लावला नाही.

महापालिकेत नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक ही सोय गेली जवळजवळ वीस वर्षं आहे. आपल्या प्रभागात काय हवं ते आपण अर्जावर लिहून द्यायचं. लोक बाकडी मागतात, पदपथ मागतात, दिवे मागतात. या वर्षी आम्ही आमच्या भागातल्या महापालिका शाळेच्या हॉलसाठी लाकडी जमीन मागतो आहोत. योगवर्गातल्या बायकांनी सह्या दिल्या, ढोल पथकातल्या मुलांनी दिल्या, शाळेच्या पीटीच्या सरांनी दिली, कथकच्या बाईंनी त्यांच्या सगळ्या पालकांकडून आणून दिल्या. अर्जात अंदाजे खर्चाचा रकाना भरायचा आहे, त्यासाठी सुतार रविवारी माप घ्यायला येणार आहे. बाबाही येतो म्हणालेत. शाळेला पाच पायऱ्या आहेत, त्या ते चढतात. आत हॉलच्या दाराशी पट्टी मात्र आम्हाला आधी जाऊन लावावी लागेल.